फार नंतरची भर

नाही, तो शब्द परत वाचा, मिस लॉरेल. मी तिसरीत शाळा सोडली, पण कान शाबूत आहेत. ‘योगदान नाही.’ म्हणजे कॉलेज स्ट्रीटवरची सगळी घरं तुमची समिती जपायच्या जुन्या वस्तीत धरणार, आणि टोकाचं माझं, होझिया टार्व्हरचं घर तेवढं — योगदान नाही. शी. तुमच्या आजीच्या दारातले ते सहा पांढरे खांब, ज्यांच्यापुढं दर वसंतात बायका घागरे फुगवून उभ्या राहतात आणि अख्ख्या जॉर्जियातनं लोक तिकीट काढून बघायला येतात — ते एकेचाळीस वर्षं कुणी रंगवले? मी. आतली इस्त्री कुणी केली? माझ्या बायकोनं, व्हर्डेलनं. ते काय मग, हवा खायला जात होतो आम्ही?

चहा प्या, बर्फ वितळतोय. गोड झालाय? असू दे, माझ्या हातचा असाच होतो.

तुमची पितळी पाटी नको मला, ती काय चाटायचीय? पण तुमच्या जुन्या वस्तीच्या रेषेबाहेरची घरं पाडून तिथं पाहुण्यांच्या बसगाड्या उभ्या करायच्या, असं नगरपालिकेत ठरलंय — ते कळलंय मला. म्हणजे हा व्हरांडा, ते पेकनचं झाड, सगळ्यावर डांबर. आणि तुम्ही गोड बोलून उपाय सांगता — काय म्हणालात? पुढचा हा फळ्यांचा उतार काढा, पूर्वीसारख्या पायऱ्या बसवा, मग घर धरू. ‘नंतरची भर’ आहे म्हणे तो. हो, नंतरचीच. फार नंतरची.

का म्हणून विचारताय तर ऐका — नाही विचारलं? तरी ऐका. व्हर्डेलचे पाय गेले, चाकाची खुर्ची आली. फेब्रुवारीपासून म्हणायची, होझिया, मला एकदा त्या झाडाखाली ने. उचलून नेतो म्हटलं, तर म्हणे, मी काय पिठाचं पोतं आहे? स्वतःच्या खुर्चीतनं, ताठ बसून जायचं होतं बाईला. आणि तुमच्या आजीचा निरोप — पाहुणे यायच्या आत खांब झाले पाहिजेत. अकरा दिवस मी परक्या खांबांना रंग फासत होतो आणि हिच्या उताराच्या फळ्या अंगणात पडून. शनिवारी शेवटची फळी ठोकली. वर रंगाचा हातही दिला — रंगारी ना मी, कोरडी फळी बघवते होय? ती दारातच बसलेली, वाट बघत. म्हटलं, ओला आहे, चाकांचे वण उठतील, उद्या. रविवारी पहाटे गेली. उतारावरनं उतरली ती एकदाच, मर्तिकवाल्यांच्या ढकलगाडीवर. तोवर रंग वाळला होता. छान वाळला होता.

असं बघू नका माझ्याकडे. कीव तुमच्या घरी ठेवा. मला त्या खांबांची किळस येते, आणि त्याहून जास्त या हातांची.

नाही काढणार तो. गाड्या उभ्या करा, डांबर ओता, माझ्या उरावर ओता. लिहा — योगदान नाही. दाबून लिहा, खालच्या प्रतीवर उमटलं पाहिजे. झालं? उठा मग. अहं, उतारावरनं नको — आलात तेव्हा बोललो नाही, पण त्यावरनं कुणी जात नाही, मीसुद्धा. घरातनं सरळ जा, स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं. तुमच्याकडे आम्ही काळे लोक जन्मभर तसेच आलो-गेलो. काही होत नाही.