शिंक आणि धुतलेला मास्क

दवाखान्यात नंबराची वाट बघत, मांडीवरच्या बाळाला थोपटत एक तरुण आई शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकत होती.

"अहो, शिंकताना मास्क खाली काय ओढता?"

"आत शिंकलो तर खराब होईल ना. सकाळीच धुतलाय."

"धन्य आहे तुमची. मग लावता तरी कशाला?"

"तू डोकं खातेस म्हणून."

"परवा लेकीनं नात दारातूनच दाखवली, विसरलात?"

"तेव्हाही लावला होता की."

"हनुवटीला."

"बोलताना गुदमरतं गं."

"मग बोलू नका. महिन्याच्या पोरीला तुमचं भाषण नकोय."

म्हातारबुवांनी मास्क नाकावर ओढला. पुन्हा शिंक आली तेव्हा हात सवयीनं मास्ककडे गेला, तिथेच थबकला, आणि ते आतच शिंकले.

"झाला ओला. आता लेक नातीला मांडीवर देईल ना?"

"आधी हा बदला. पिशवीत दुसरे आहेत, शिंका हवं तेवढं."