पदराच्या गाठीतली खीळ

थोरल्याचा गोवर उतरू दे, वणीच्या देवीला पुरणाचा नैवेद्य करीन, असं मी बोलले होते. ते फेडायला आम्ही घरचे सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेलो. सामान उतरवताना मागचा फाळका उघडला, आणि त्याची लोखंडी खीळ हरवू नये म्हणून मी ती पदराच्या गाठीत बांधून ठेवली.

परत निघताना धाकट्या दिरांनी विचारलं, "वहिनी, खीळ लावली ना?"

माझं सगळं लक्ष ओटीच्या नारळात. म्हटलं, "हो हो, लावली. चला आता!"

पहिल्याच उतारावर फाळका धाडकन उघडला. पुरणाचं पातेलं रस्त्यावर गेलं, सासूबाई थोडक्यात वाचल्या. त्या दिरांवरच कडाडल्या, "मेल्या, एवढंही बघता येत नाही?" वर मीही म्हटलं, "भाऊजी, लक्ष कुठे होतं तुमचं?" त्यांनी उतरून दोरीने फाळका बांधला.

घरी पदर सोडला, तर गाठीत खीळ! लाजेने मान वर होईना. भाऊजींना दाखवायला गेले, तर म्हणाले, "फाळका बांधताना मला ती तुमच्या गाठीत दिसली होती, वहिनी. आईसमोर कशाला बोलू?"

सासूबाईंना मग मीच सांगितलं. तुम्हीही ट्रॉली भरून निघालात की आधी आपला पदर चाचपा गं, मग दुसऱ्याला बोला.