कात्रणाची पाठ

(कंपनीची मागची खोली. टेबलावर परदेशी वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि एक लांब कात्री. दुपार.)

काका : सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून होतो. पण ही कंपनी आज उभी आहे ती माझ्या या कात्रीमुळे.

शिपाई : तोंड मिटून? परवाच सांगितलंत की मास्तर. त्याआधी सोमवारी.

काका : तुला मी धरतच नाही. तू भिंतीसारखा आहेस.

पुतणी : काका, मला पाच वाजता अहवाल द्यायचाय. परदेशी व्यापाराच्या बातम्या छापील घ्यायच्या की ऑनलाइन, एवढंच विचारलंय. ऑनलाइन म्हटलं की हे पेपर बंद, आणि पेपर बंद झाले की कात्रणं कापणारं तुमचं टेबलही बंद. तुम्हाला गोदामात पाठवतील, खोक्यांवर पत्ते लिहायला.

काका : आणि हे पुण्य सख्ख्या पुतणीच्या हातून.

पुतणी : म्हणून तर आधी इथे आले. घरी विषय काढला असता तर काकू मध्ये पडली असती.

काका : तिला वाटतं मी इथे साहेबांना सल्ले देतो.

शिपाई : ते कुणी सांगितलं त्यांना?

काका : तू गप्प बस. हे बघ बाळ, तुझ्या त्या मोबाईलवर आज बाजाराचं काय आलंय?

पुतणी : थांबा हं. ‘युद्धाच्या भीतीने बाजार कोसळला.’ सकाळी अकराची आहे.

काका : आत्ताची वाच.

पुतणी : ‘युद्धाची भीती असूनही बाजार सावरला.’ आणि ही तिसरी... ही अर्धीच दिसते. पुढचं वाचायला वर्गणी मागतायत. मध्येच चपलांची जाहिरात आली.

काका : बघ. माझा पेपर विमानाने येतो, चार दिवस उशिरा. तेवढ्यात निम्म्या बातम्या आपोआप खोट्या ठरतात. उरतील तेवढ्याच कापायच्या. चाळणी आहे ती चाळणी.

शिपाई : उरलेल्या शिळ्या होतात, एवढंच.

पुतणी : काका, हे अहवालात नाही लिहिता येणार. कंपनीचा काही फायदा झाल्याचं दाखवा. एक तरी उदाहरण.

काका : तेच सांगत होतो. आपण तारा बनवतो, तांबं बाहेरून आणतो, बरोबर? थोरल्या साहेबांच्या वेळची गोष्ट. मी व्याजदराची बातमी कापली, चौकोनी, झकास. पण पेपरला दोन बाजू असतात ना. मागच्या बाजूला बातमी होती तांब्याच्या खाणीतली. कामगारांनी संप मागे घेतला अशी. त्यातलं ‘मागे घेतला’ कात्रीखाली आलं आणि टोपलीत गेलं. उरला नुसता संप.

पुतणी : अरे बापरे. मग?

काका : साहेबांनी वाचली नेमकी पाठ. संप म्हणजे तांबं मिळणार नाही. त्यांनी त्याच दुपारी वर्षभराचं तांबं मागवून टाकलं.

पुतणी : आणि संप तर मिटलेला.

काका : ऐक तर. तिकडे खाणीवर कळलं की कुणीतरी एवढं तांबं उचललंय. कामगार म्हणाले, याला काहीतरी आतलं माहीत असणार, मालक आपल्यापासून लपवतोय. लगेच पुन्हा संपावर. सात महिने. सगळ्या जगात तार बनवणारे आपणच उरलो.

शिपाई : सात? परवा पाच होते.

काका : परवा तू मध्ये चहा आणायला गेलास, दोन महिने तेवढ्यात गेले. आणि बाळ, त्या परदेशी पेपरचा संपादक स्वतः आला इथे. तू बसलीस त्याच खुर्चीत बसला. कात्री हातात घेऊन बघितली, म्हणाला, आमच्याकडे असा माणूस नाही.

पुतणी : तुम्ही पाहिलंत त्याला, दादा?

शिपाई : मी रजेवर होतो. मास्तरांच्या खोलीत मोठं माणूस आलं की मी हटकून रजेवर असतो.

काका : मोबाईलला पाठ आहे का? नुसती काच. तो तुला हवं तेवढंच दाखवतो. न मागितलेली बातमी हाताला लागते ती कागदावरच.

पुतणी : हे मात्र पटण्यासारखं आहे. सात महिने आणि संपादक सोडून देऊ. पण साहेबांनी कात्रणाच्या मागची बातमी वाचून तांबं घेतलं, एवढं जरी खरं असलं तरी मी छापील लिहून देते. फक्त ते कात्रण हवं, अहवालाला जोडायला.

काका : जोडायला कशाला? माझा शब्द आहे ना.

पुतणी : माझ्या काकांचा शब्द आहे असं लिहू? वरचे दोघे साहेब आधीच म्हणतायत, ही नातं सांभाळेल.

काका : कपाटाची किल्ली हरवलीय पण.

शिपाई : माझ्याकडे आहे मास्तर. थोरल्या साहेबांच्या खोलीतून परत आलेल्या सगळ्या फायली खालच्या कप्प्यात आहेत. आणतो.

काका : तू आज रजा का नाही घेतलीस?

शिपाई : ही घ्या मॅडम. याच्यावर तेच साल आहे बघा, तांबं घेतलं ते.

पुतणी : व्याजदर... व्याजदर... हे काय. काका, हे तर चिकटवलेलं आहे. चारही कडांनी. साहेबांना याची पाठ दिसली कशी?

काका : उजेडात धरून. खिडकीपाशी उभे राहायचे ते.

पुतणी : उलटी अक्षरं वाचत?

काका : मोठा माणूस होता, बाळ. तुम्हा लोकांना कल्पना नाही यायची. काय बघतेस एवढं? पुढे पण आहेत, उलट ना पान.

पुतणी : उलटत नाहीये.

काका : जरा जोर लाव.

पुतणी : लावला तर फाटेल. डिंक ओला असताना मिटलीत तुम्ही फाइल, सगळी पानं एकमेकांना बसलीत.

शिपाई : ही दुसरी बघा मॅडम.

पुतणी : दुसरीही तशीच आहे, दादा. काका, पाठ राहू दे. यातली पुढची बाजूसुद्धा कधी कुणी वाचलेली नाही.