दुसऱ्या राउंडचे गुण

(नाशिक, २००३. पंचवटीतला दत्तूचा फोटो स्टुडिओ. दुपारचे चार वाजत आले आहेत. खंडेराव थेटे फोटोची फ्रेम झाली का ते बघायला आज तिसऱ्यांदा आले आहेत.)

खंडेराव : ...आणि तरी सामना बरोबरीत! बारा राउंड लुईस त्या होलीफिल्डला बडवतोय, केबलवर अख्खं जग बघतंय, आणि तीन जजांपैकी एक बाई म्हणते होलीफिल्ड जिंकला. पाचव्या राउंडमध्ये तर लुईसनं त्याला दोरांना टेकवून धुतला. बाईनं तोही होलीफिल्डलाच दिला!

दत्तू : आण्णा, चार वर्षं झाली त्याला.

खंडेराव : चाळीस होऊ देत. मागाहून बाई काय म्हणाली ठाऊक आहे? फोटोवाले मधे आले, नीट दिसलं नाही. अगं, दिसलं नाही तर गुण कशाला दिलेस?

दत्तू : शेवटी आलं ते फोटोवाल्यांवरच. बरं, पट्टी सोनेरी लावू की चॉकलेटी?

खंडेराव : सोनेरी. शाल उठून दिसली पाहिजे. आणि खाली लिही, जिल्हा महिला बॉक्सिंग स्पर्धा, जज श्री. खंडेराव थेटे. 'जज' जरा मोठ्या अक्षरात.

दत्तू : तुमच्या वहीतली अली-टायसनची काल्पनिक लढत कुठवर आली?

खंडेराव : संपली. सहासष्टचा अली, अठ्ठ्याऐंशीचा टायसन. चौथ्यात टायसन त्याला खाली पाडतो. नवव्यापासून टायसनचा दम जातो. पंधरा राउंडनंतर अली एका गुणानं.

दत्तू : एकाच?

खंडेराव : अकराव्या राउंडला दोन दिवस अडलो होतो. अलीला द्यावा असं फार वाटत होतं. शेवटी बरोबरीत सोडला. उगाच कुणावर अन्याय नको.

मोहिनी : थेटे सर हितंच असत्यात का?

दत्तू : हे काय, समोरच. या ताई. पासपोर्ट साइज?

मोहिनी : फोटो नाय काढायचा. सर, मी मोहिनी भोये. पेठकडची. रविवारी लाल कोपऱ्यात व्हते, अठ्ठेचाळीस किलोत.

खंडेराव : हां, भोये! छान लढलीस. थोडक्यात गेलं बघ.

मोहिनी : तीन-दोननं गेलं. तुमी निळीला दिलं.

खंडेराव : जज आपल्या गुणांच्या कार्डावर बोलत नसतो, बाळ.

मोहिनी : राज्य स्पर्धेची यादी पाच वाजता पुण्याला फॅक्स होणार. सचिव म्हणले, एका जजनं जरी लिहून दिलं का गुण देताना चूक झाली, तर तुमच्या गटाचं नाव थांबवतो, परत लढत लावतो. नायतर ती निळी जाईल.

खंडेराव : चूक? माझ्या कार्डात? पोरी, चूक कशाला म्हणतात सांगतो. अठ्ठ्याऐंशीचं सोल ऑलिंपिक. रॉय जोन्सनं शहाऐंशी ठोसे मारले, बत्तीस खाल्ले. आणि हरवला, तीन-दोननंच!

मोहिनी : त्याला परत लढू दिलं?

खंडेराव : छे! रौप्यपदक दिलं. वर स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून करंडक.

मोहिनी : मला स्टीलचा डबा दिला.

दत्तू : झाकणाचा?

मोहिनी : झाकण बसत नाय. सर, दुसऱ्या राउंडला काय झालं तेवढं सांगा.

खंडेराव : दुसऱ्या... निळी चढून येत होती. आक्रमक. ठोसे स्वच्छ.

मोहिनी : निळी उभी व्हती, सर. माझा उजवा बसला तिला. रेफ्री आठ मोजत व्हता, ती सावरतीय का बघत.

दत्तू : आण्णा...

खंडेराव : तू पट्टी काप.

दत्तू : कापतोय. पण ह्या फोटोत मागं रेफ्री दिसतोय. बोटं वर करून.

मोहिनी : बघू. ही लाल, मी. ही निळी, दोरांकडं. रेफ्रीची पाच बोटं झाल्यात. आन ह्ये पुढं सर. नारळ घेत्यात.

खंडेराव : पाहुण्यांना घाई होती! त्यांना ओझरला लग्नाला पोचायचं होतं. आयोजक म्हणाले, लढत चालू राहू द्या, सत्कार बाजूला उरकून घेऊ. आता पाहुणा शाल घेऊन समोर उभा राहिल्यावर काय, बसून राहायचं? चारचौघांत अपमान होतो माणसाचा.

मोहिनी : दोन मिन्टांचा राउंड असतो, सर.

दत्तू : तुमचे डोळे मिटले म्हणून मी दुसऱ्यांदा काढला ना? पाहुण्यांनी शाल परत काढून परत घातली.

खंडेराव : हे बघ, माझ्या शेजारच्या दोघांनीही निळीलाच दिलं. तीन जाणकार माणसं चुकतील?

मोहिनी : त्यांचा बी सत्कार झाला.

खंडेराव : झाला. मग?

मोहिनी : शाली तीनच आल्या व्हत्या. दोघांना पुरल्या नाय. ते तोंड पाडून बसले, लढत बघत. त्या दोघांनी मला दिलं.

दत्तू : आयला! खरंच की.

खंडेराव : योगायोग.

मोहिनी : मग तुमी गुण कुठनं आणले, सर?

खंडेराव : पहिल्या राउंडला निळी बरी वाटली होती. तीस वर्षं बॉक्सिंग बघतोय मी. एक अंदाज असतो माणसाला.

दत्तू : न झालेल्या लढतीच्या अकराव्या राउंडला दोन दिवस अडलात, आण्णा.

खंडेराव : तू गप रे! तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतोय? आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला टेबलाशी बसवलं. नाहीतर तीस वर्षं टीव्हीसमोर बोंबलतोय. त्याच फॅक्समध्ये राज्य स्पर्धेच्या जजांचीही नावं जाणार आहेत. माझं आहे त्यात. असं लिहून दिल्यावर ठेवतील?

मोहिनी : नाय ठेवायचे.

खंडेराव : बघ! तूच म्हणतेस.

मोहिनी : बापानं मला एक वरीस दिलंय, सर. ह्या वेळी राज्याला गेले तर पुढं खेळायचं. नाय गेले तर घरी, नागलीच्या शेतावर. आन दिवाळीनंतर लगीन. पोरगा बघून ठेवलाय. बरा हाय. पण मला लढायचंय.

दत्तू : ताई, पाणी घ्या.

मोहिनी : नको. वजन परत घेतील, लढत लागली तर.

खंडेराव : ...दत्तू, कागद दे. पॅडचा नको, साधा. हं. 'माननीय सचिव महोदय, सोल ऑलिंपिकपासून आजतागायत मुष्टियुद्धातील गुणदान पद्धतीत वेळोवेळी जे दोष आढळून आले, त्यांचा थोडक्यात आढावा घेता...'

मोहिनी : सर, चार पंचवीस झाले.

खंडेराव : पार्श्वभूमी नको? त्याशिवाय त्यांना कळणार कसं?

दत्तू : आण्णा, पार्श्वभूमी फोटोत आहे. मी एक प्रत देतो सोबत.

खंडेराव : बरं. पण तू जिंकलीस असं मी लिहू कसं? मी राउंड बघितलाच नाही.

मोहिनी : जिंकले असं नका लिवू. बघितला नाय, तेवढंच लिवा.

खंडेराव : एवढंच?

मोहिनी : एवढंच.

खंडेराव : एका ओळीचं पत्र. विचित्र दिसतं ते. कारण तरी घालतो. 'अपरिहार्य कारणास्तव'?

दत्तू : सत्कार होता आण्णा, अपघात नव्हता.

खंडेराव : आणि परत लढवलं आणि तू हरलीस तर? माझंही गेलं, तुझंही गेलं.

मोहिनी : हरले तर हरले. कुणीतरी बघितलेलं असंल.

दत्तू : ह्या पेनची शाई अडते, आण्णा. हे घ्या.

खंडेराव : 'अठ्ठेचाळीस किलो गट. भोये यांच्या लढतीतला दुसरा राउंड... मी... पाहिला नाही.' घे. अक्षर लागतंय?

मोहिनी : लागतंय.

खंडेराव : मग पळ आता. रिक्षा कर, चालत बसू नकोस.

मोहिनी : सही राहिली, सर.