आधी व्यायाम, मंग लाथ

न्हाई, तिथं न्हाई, जरा वर — व्हय — न्हाई ओ, तिथंबी न्हाई. आता दाबा बरं. दुखतंय का? आता कसं सांगावं मॅडम, तुमी बोट ठेवलं की दुखायचं थांबतंय, हात लई गुनाचा तुमचा. पंकी म्हनतीच की, आमच्या मॅडमनी हात लावला की निम्मं दुखनं तिथंच पळतं — कोन पंकी म्हंजे? तुमच्याकडं कामाला हाय ती, तुमची पंकजा! मी आई तिची, पुष्पावती. बाहेर त्या पोरीनं नाव विचारलं तवा आडनाव सांगितलंच न्हाई मी, मुद्दाम — उठून बसू? नको, मी पडूनच बरी हाय, पालथं पडलं की समोरच्याचं तोंड दिसत न्हाई, बोलायला सोपं जातं. आन तिला फोन नका करू. ती आता भिंगारला त्या रिटायर सुभेदाराचा गुडघा वाकवत असंल, मला ठावं हाय, म्हनून तर सकाळची यस्टी धरून आले राहात्यावरनं. यस्टीतच चमक भरली, लोणीच्या पुढं एक खड्डा असा आला — व्हय, मगाशी म्हनले घरनं निघतानाच भरली. दोन्हीकडं भरली. घरी थोडी, यस्टीत जास्ती. ती पिशवी बघितली का खुर्चीखाली? पेरू हायत, आमच्या बागंतले, तुमालाच आनलेत. पन आत्ताच नका घेऊ, आधी माझं आयका, मंग ठरवू घ्यायचे का न्हाई.

तर ते तिकडच्या कॉलेजाचं. स्कॉटलंड का काय ते — पंकीनं मोबाईलवर दाखवलं, सगळं हिरवंगार, मानूस औषधाला न्हाई, नुसती मेंढरं. म्हनलं, अगं मेंढरंच बघायची तर आपल्याकडं काय कमी हायत? तर म्हनली, आई, फिजिओथेरपीची मोठी डिग्री तिथं चांगली मिळती. बरं. त्या कॉलेजानं निबंध मागितलाय तिला, आता एवढ्या शिकलेल्या पोरीला निबंध — तुमाला ही डिग्री कशापायी पायजे, कधीपास्नं मनात आलं, असा. तिनं लिव्हला. मी म्हनलं, वाच. इंग्रजीत वाचला, मला काय कळतंय, म्हनलं मराठीत सांग. तर म्हनती, ‘मला लहानपणापासून मानवी शरीराच्या हालचालींविषयी कुतूहल होतं.’ कुतूहल! मॅडम, गळ्याशपथ सांगते, तीन वर्साची हुती तवा लोकांच्या पाठीवर हुबी राहून बिस्कीट खायाची ती, कुतूहल कुठलं आलंय! सगळा निबंध आयकला मी, आता येईल, मंग येईल म्हनून वाट बघितली — पायाळूचा एक शब्द न्हाई त्याच्यात. एक शब्द!

पायाळू म्हंजे काय? तुमी कुठल्या मॅडम? नाशकाच्या? आन नाशकात पायाळू नसत्यात व्हय? असतील, शहरात सांगत नसतील कुनाला. अहो, जन्मताना डोकं आधी येतं ना पोराचं — हिचे पाय आधी आले. नर्सबाई म्हनली, पाय दिसतोय. मी त्या कळांत म्हनलं, कुनाचा? — हसू नका, मरत हुते मी तिथं. तर असं जे मानूस पायाकडनं जन्मतं ते पायाळू, आन त्याच्या पायात गुन असतो. कुनाच्या पाठीत उसन भरली, चमक भरली, की त्यानं पालथं पडायचं आन पायाळूनं लाथ मारायची. जोरात न्हाई ओ, नुसती लावायची. चमक जाती. जाती म्हंजे जाती! पयले आले राधाकृष्ण मास्तर, शाळेतले, दोघांनी धरून आनलेले, पार काटकोनात वाकलेले. पंकी तीन वर्साची, हातात बिस्कीट. मी म्हनलं, पंके, मास्तरला लाथ मार. तिला इतका आनंद झाला मॅडम, मी एक सांगितली तर तिनं चार मारल्या. मास्तर उठले, पॅन्ट झटकली, आन सरळ चालत घरी गेले. झालं! तवापास्नं दर आयतवारी आमच्या अंगनात रांगच. पालथी मानसं वळीनं पडलेली, कोंबड्या त्यांच्या पाठीवरनं फिरायच्या, एखाद्याला कोंबडीचाच पाय लागायचा आन तो म्हनायचा, आता बरं वाटतंय. आमच्या मालकांनी तर एकदा लंगडणारा बैल आनला. म्हनले, पंके, ह्याला एक लाव. बैलानं आधी लावली. पोरीला न्हाई ओ, मालकांना. मंग मालकच पडले पालथे.

मला? मला न्हाई मारली कधी. मी पडले की एकदा पालथी, कांदा काढताना भरली हुती, म्हनलं, ये पंके, सगळ्या गावाला मारतीस, मलाबी मार. तर दारातच हुबी राहिली, पुढं येईचना. रडायलाच लागली. म्हनती, आई, तू पडू नको, तू उठ. तू पडली की मला भ्या वाटतं. मंग उठले. काय करता? उठून भाकरी टाकल्या. चमक गेली आपली आपन चार रोजानं... तुमी दाबा की, का थांबल्या?

तर म्हनलं, ह्ये सगळं निबंधात लिव्ह. तिकडच्या लोकांना कळू दे, हिला आजकालचा न्हाई, तीन वर्साची असल्यापास्नंचा अनुभव हाय. तर माझ्यावर डाफरली — आई, ती अंधश्रद्धा हाय, कुनाला सांगू नको, मॅडमना तर अजिबात सांगू नको. आता सांगितलं मी, जाऊ द्या. अंधश्रद्धा म्हनती, आन गावात काय करती माहितेय का तुमाला? न्हाई ना? सांगितलंच नसंल तिनं. कॉलेजातनं डिग्री घेऊन आली तवा पयल्याच आयतवारी म्हनली, आता मी कुनाला लाथ मारनार न्हाई, व्यायाम शिकवीन. मानसं अशी चिडली मॅडम! आमच्याकडचा गोरक्ष हाय, टेम्पोवाला, पेरूच्या जाळ्या मार्केटला नेतो, त्याची कंबर कायमची धरलेली — तो म्हनला, काकू, डिग्रीनं पोरीचा पाय बिघडवला. पुढच्या आयतवारी अंगनात चिटपाखरू न्हाई. पंकी एकटीच बसली वसरीवर. मला वाटलं, खोड मोडली. तर तिसऱ्या दिशी तिनं गावात निरोप धाडला — लाथ मिळंल. पन जो आठवडाभर व्यायाम करील त्यालाच. आधी व्यायाम, मंग लाथ!

काय सांगू तुमाला, गावाची शाळा झाली. गिरनीपुढं दळन घेऊन हुब्या बायका टाचा वर-खाली करायच्या. गोरक्ष मार्केटला टेम्पो लावून रिकाम्या पोत्यांवर पालथा पडायचा आन नागावानी छाती वर उचलायचा, हमाल बघून टाळ्या पिटायचे. पंकी एकेकाला गाठून विचारायची, किती केले, खोटं बोलू नको, तुझ्या बायकोला विचारीन. आन आयतवारी गोरक्ष आला, सरळ, ताठ, कुनी धरायला नको, पालथा पडायलाबी एकटाच पडला. पंकीनं विचारलं, आता दुखतंय का? म्हनला, न्हाई. मंग लाथ कशाला? तर म्हनतो, ठरलं ते ठरलं, माझी लाथ राहिलीय तुझ्याकडं! मारली तिनं. खुशीत गेला. आता सगळं गाव तसंच करतं. बरं वाटल्यावर लाथ घ्यायला येत्यात — परीक्षा झाल्यावर पेढा घ्यावा तसं. मी म्हनलं, पंके, ह्यानं बरं वाटतंय का त्यानं? तर हसली आन म्हनली, आई, तो उद्याबी व्यायाम करील ना, ते बघ.

मॅडम. मॅडम, तुमचा हात कुठं गेला? मी मान वळवते, थांबा — तुमी लिव्हताय? काय लिव्हताय? गोरक्षचं नाव कशाला लिव्हताय? पत्रात? त्या तिकडच्या कॉलेजाला तुमी द्यायच्या शिफारशीच्या पत्रात? न्हाई न्हाई न्हाई, खोडा ते, आधी खोडा! असं पत्र गेलं तर तिला घेतील की ते! मी काय म्हनून यस्टीत बसून आले हितवर — मॅडमचं पत्र गेलं न्हाई तर माझं काय खरं न्हाई असं ती म्हनली फोनवर मैत्रिनीला, मी आयकलं, म्हनून तर आले. पत्र देऊ नका म्हनून सांगायला आले! घ्या. निघालं तोंडातनं. चमक-बिमक काय न्हाई मला. व्हय, तुमाला मघाशीच कळलं असंल, तुमी डॉक्टर हाय. तरी दाबत बसल्या बिचाऱ्या.

तिला बोलले का? न्हाई. तिला म्हनते, जा, खुशाल जा. रोज म्हनते. काय बोलायचं हुतं? एकच पोर, मॅडम. सकाळी मोटर चालू करायला मालक गेले की घरात मी आन रेडिओ. आता ती नगरला हाय तरी आयतवारी येती, सगळं गाव अंगनात, चार मानसांचा चहा, आरडाओरडा — तिकडं गेली की आयतवारी कोन येईल? पालथ्या मानसांना तरी काय काम हाय माझ्याकडं? मला ती जायला नकोय. झालं, सांगितलं. आन वर ती आमची जाऊबाई, मुक्ताबाई. परवा पेरू वेचताना सगळ्या बायकांत म्हनली, शिकवा, अजून शिकवा, एक दिवस तुमालाच लाथ मारून जाईल. बायका हसल्या. म्हनलं, लाथ मारन्यात काय नवीन, ती तीन वर्साची असल्यापास्नं मारतीय. सगळ्या अजून हसल्या, मीबी हसले. पन ती लाथ येगळी आन ही येगळी, ते मला कळत न्हाई व्हय? घरी येऊन जेवले न्हाई मी.

काय? हसू नका असं हळूच. मी शिकलेली न्हाई म्हनून — तसं न्हाई म्हनताय, मंग कसं? पंकजाला इचारते म्हनताय? तिच्याम्होरं? मी हितं आलेली तिला कळायचंच न्हाई! जाऊ द्या, चुकलंच माझं, निघते मी, अडीचची यस्टी हाय. तुमी पत्र द्या न्हाईतर फाडा, तुमची मर्जी. आन ते पेरू — ते मी परत नेते. राग नका मानू, ते पत्र न देन्यासाठीचे पेरू हुते, देनाऱ्याला कसे द्यायचे? सरा जरा, पिशवी —

आई आई आई गं! मेले! न्हाई, हात नका लावू, हलवू नका! मॅडम, भरली. खरंच भरली ओ, देवाशपथ, आता खोटं न्हाई! हसताय काय, धरा मला — असंच, वाकलेलंच, हळू, त्या टेबलावर पालथी टाका. पेरू पडू द्या, घ्या तुमीच, समदे घ्या. आई गं. हित्तं, हित्तं, आता दाबा, आता बरोबर तिथंच हाय —

पावलं कुनाची वाजली? मॅडम, दार लावा. न्हाई म्हना, पेशंट हाय म्हना. पंकी हाय ती, चप्पल घासत चालती, मी कुठंबी वळखीन. आली का आत? ...

व्हय पंके, मीच हाय. रडतीस काय, मेले न्हाई मी, चमक भरलीय नुसती. पेरू उचलताना. कशाला आले ते मॅडमना इचार, न्हाईतर नको इचारू, मीच सांगीन घरी गेल्यावर. व्हय, पायाळूचं बी सांगितलं, समदं सांगितलं, आता डोळे नको वटारू. हिकडं ये. दारात नको हुबी राहू, तवाबी अशीच हुबी राहिली हुतीस. भ्या वाटतंय? मी पडलीय ती उठायसाठीच पडलीय. चप्पल काढ आन मार लाथ. काय? — आयका मॅडम, इचारती, व्यायाम केलास का! अगं, करीन की. आधी लाथ दे, व्यायाम उधार ठेव, एकदा आईसाठी नियम मोडलास तर स्कॉटलंड काय बुडत न्हाई. रोज करीन. तिकडनं फोनवर घेत जा तू, किती केले इचारत जा, आन खोटं बोलले तर तुझ्या बापाला इचार. दर आयतवारी फोन करायचा. ठरलं? ठरलं ते ठरलं.

मार आता. मार की. नीट लाव, मास्तरला लावली तशी. मार, आन जा.

आन तुमी काय बघत बसल्या मॅडम? गोरक्षपत्तोर आलं हुतं, फुडं लिव्हा.