खाटेएवढा तुकडा

दातांच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेल्या शिक्षिकेचे कान शेजारच्या शेतकरी जोडप्याकडे लागले होते. तेवढाच ठणक्याचा विसर!

"सगळं शेत नांगरलंत आणि मधला खाटेएवढा तुकडा सोडलात?"

"टिटवीची अंडी आहेत तिथे. चहूबाजूंनी इमारती उठल्या, बिचारी जाणार कुठे?"

"अहो, पिल्लं बाहेर येऊन पंधरा दिवस झाले. शेजारच्या पार्किंगमध्ये तुरुतुरु पळताना मी पाहिली."

"मग बोलली का नाहीस?"

"रोज सकाळी चपला हातात घेऊन लांबून बघत उभे राहायचात. कशी बोलणार?"

"बरं, आता नांगरून टाकतो."

"खबरदार! पुढच्या वर्षी ती अंडी कुठे घालणार, तुमच्या डोक्यावर?"