मामांनी घातलेला बेस

तुमच्या हेडफोनच्या बेसचं कौतुक मला नका सांगू राव. खरा बेस आमच्या मामांनी ऐकवला होता. तेव्हा घरोघरी नळ कुठले! दुष्काळाचं साल. टँकर आधी ज्याला दिसेल त्यानं रिकामा ड्रम बडवायचा, की सगळी गल्ली हंडे घेऊन पळायची.

मामा लासूर स्टेशनाकडचे, जत्रेत ढोल वाजवणारे. ते घरी आले होते, म्हणून मी गुलमंडीतून आणलेल्या नव्या एमपीथ्रीवर ढोलाचं गाणं लावलं अन् इअरफोन त्यांच्या कानात घातले.

"नुसती काडी वाजतीय," मामा म्हणाले. "ढोल कुठंय?"

"मामा, एवढ्याशा डबीत बेस तेवढाच येतो."

"व्हय? मग राहिलेला मी घालतो."

त्यांनी डोळे मिटले अन् अंगणातला रिकामा ड्रम असा घुमवला, की माझ्या छातीत हादरे बसायला लागले. काय वाजवत होते! पण तेवढ्यात अख्खी गल्ली हंडे घेऊन दारात.

शेजारच्या शबानाखाला ओरडल्या, "टँकर किधर है रे?"

मामांनी डोळे उघडले. समोर हंडेच हंडे. त्यांनी कानातलं फेकलं, ड्रम खांद्यावर घेतला अन् "चला, टँकर आला!" म्हणत सगळ्यांच्या पुढं पळत सुटले.